१२ अंकी कॅल्सी (कॅल्क्युलेटर) घेतला आणि डोंबिवलीच्या आकड्याने तपासला (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांनी ऐका, घ्या, पण दुकानातच काउंटरवर तपासून घ्या, आणि कसा तपासायचा ते खाली लिहिलंय, त्यासाठी एक सतरा अंकी आकडा लागतो आणि तो आकडा आपल्या डोंबिवलीचाच आहे, थाप मारत नाहीये, पुढे वाचा.

मी आमच्या सोसायटीची खजिनदार. म्हणजे कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. दुपारी आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते त्यामुळे सगळ्यांचं मत पडलं की ताईंना हिशेब जमेल. जुना कॅल्सी सोळा वर्षं चालला आणि त्याचा डिस्प्ले फिका पडत पडत गेला म्हणून नवा घेतला, टेबलावर ठेवायचा, १२ अंकी, ४६० रुपये, बिल घेऊन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पहिला पीस खराब निघाला आणि एका पीसवरून कोणाला झोडपणं मला पटत नाही, आणि दुकानदार ओळखीचा आहे, रोज समोरून जावं लागतं.

दिसायला बरा आहे. बटणं मोठी, वर जरा खोलगट, बोट बरोबर बसतं. दोन शून्यांचं वेगळं बटण आहे ते मला लागतंच. डिस्प्ले थोडा तिरका वर उचललेला, त्यामुळे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नाही. सोलर पट्टी आणि आत बटण सेल असं दोन्ही. जीटी (सगळ्या उत्तरांची एकूण बेरीज) आहे, चेक (टाकलेल्या रकमा एकेक करून परत बघायचं बटण) आहे (१२० स्टेप लक्षात ठेवतो म्हणे), मार्जिनचं बटण आहे जे मी आयुष्यात कधी दाबलं नाही. वर एक सरकपट्टी आहे, पूर्ण उत्तर, ५/४ (गोल करून) आणि कट (पुढचे अंक सरळ कापून) अशी तीन घरं, आणि दुसरी पट्टी दशांशाची घरं किती ठेवायची त्याची. ही पट्टी पिशवीत आपोआप सरकते. एकदा पट्टी शून्य घरावर गेली होती आणि मी दहा मिनिटं विचार करत बसले की ७५ पैसे जातायत कुठे.

आणि एक तक्रार जी जवळजवळ सगळ्याच कॅल्सींबद्दल आहे, स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडतात. १,२५०,००० असं दिसतं. आपल्याला साडेबारा लाख बघायची सवय, डोळा अडकतो. भारतीय पद्धतीने लाख-कोटीवर स्वल्पविराम देणारे मॉडेल मिळतात असं मुलं सांगतात, तुम्ही घेणार असाल तर तसलंच मागा.

आता खरी गोष्ट.

पहिल्याच महिन्यात खर्चाची बेरीज कॅशबुकशी जुळेना. १९,००० चा फरक. आमच्या आधीचे खजिनदार बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी मला एक युक्ती शिकवली होती की फरक आला की आधी त्याला ९ ने भागून बघायचं. भाग गेला तर बहुतेक वेळा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ६३०० च्या जागी ३६०० लिहिले तर फरक २७०० आणि त्याला ९ ने भाग जातोच, कुठलेही दोन अंक उलटे करा जातोच. १९,००० च्या अंकांची बेरीज १०, भाग जात नाही. म्हणजे अदलाबदल नाही, दुसरंच काहीतरी.

मग चेकचं बटण दाबत एकेक रक्कम बघत गेले (हे फीचर खरंच कामाचं, याला पूर्ण मार्क) तर चव्वेचाळिसाव्या नोंदीला सापडलं. पंपाच्या दुरुस्तीचे २१०० होते, तिथे २१,१०० पडलेले. एक १ जादा. मला वाटलं माझंच बोट दोनदा पडलं असेल, वय झालं आता. पण पुढच्या आठवड्यात परत, ४१५० चे ४१,१५०. परत १ च जादा. तेव्हा ट्यूब पेटली की बोट नाही, बटण. एकाचं बटण एकदा दाबलं की कधीकधी दोनदा लागतंय.

कधीकधी हीच तर पंचाईत. दुकानात नेलं आणि तिथे नीट चाललं तर तो म्हणणार काय ताई, चांगला तर आहे. म्हणून घरी बसून टेस्ट केली, आणि टेस्टसाठी मला लगेच आठवला तो आमच्या गावचा आकडा. १ हे बटण नऊ वेळा दाबायचं, मग गुणिले, मग बरोबर. म्हणजे नऊ एकांचा वर्ग. १११११११११ गुणिले १११११११११. उत्तर येतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

एक ते नऊ चढलं आणि नऊ ते एक उतरलं. डावीकडून वाचा उजवीकडून वाचा, तोच आकडा. सतरा अंक. आपल्या भाषेत वाचायचा तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१, कोटीतले कोटी. भास्कराचार्यांच्या एकं-दहंच्या यादीत सतराव्या स्थानाला मध्य म्हणतात आणि अठराव्याला परार्ध, म्हणजे हा आकडा परार्धाच्या अलीकडच्या स्टेशनवर थांबतो.

आणि स्टेशनवरून आठवलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, डहाणूला १९०५ साली जन्मलेले, देवळालीला शाळेत १९३० ते १९६२ मास्तर होते, ६१७४ वाले, ते बहुतेकांना माहीत असतात. (नसतील तर: कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यापासून छोट्याकडे लावा, छोट्यापासून मोठ्याकडे लावा, वजा करा, परत तेच. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथेच अडकतं. जास्तीत जास्त सात वेळा.) पण एकांच्या वर्गाच्या या आकड्यांना, १, १२१, १२३२१, १२३४३२१ वगैरे, त्यांनी डेमलो संख्या असं नाव दिलं आणि डेमलो म्हणजे आपली डोंबिवली. तेव्हा जीआयपी (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्टेशनचं नाव डेमलो होतं आणि त्यांना ही कल्पना इथे सुचली. सकाळी ७.४० च्या फास्टला लटकताना मला कधी काही सुचलं नाही, पण ते असो. त्यांना भारतात बरेच जण नुसते आकड्यांचे खेळ करणारे समजायचे, आणि मग १९७५ साली गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाने नाव ऐकलं. आपल्याकडे हे असंच.

हां, तर टेस्ट. १२ अंकी कॅल्सीत सतरा अंक मावणार नाहीत हे उघडच आहे. मग तो काय करतो, तर डिस्प्लेवर दाखवतो १२३४५.६७८९८७६ आणि कोपऱ्यात इंग्रजी ई. हा ई म्हणजे एरर. बटणं सगळी बंद पडतात, सी दाबल्याशिवाय हलत नाही. पण तो बिचारा जमेल तेवढं सांगतोय. दशांश चिन्ह बारा घरं उजवीकडे सरकवा म्हणजे खरं उत्तर कुठपर्यंत जातं ते कळतं. पहिले बारा अंक बरोबर, शेवटचे पाच गेले, आणि गेलेले कुठले तर ५४३२१. म्हणजे डोंगर चढून नऊ गाठला, थोडा उतरला, आणि सहावर पोचल्यावर गाडी बंद.

मला हे इतकं आवडलं की मी मुलांना पण दाखवलं. एक ते नऊ सगळे अंक एकदम डिस्प्लेवर येतात, त्यामुळे कुठली काडी पेटत नसेल तर ती पण लगेच कळते.

आता एकाचं बटण दोनदा लागलं तर? तर नऊच्या जागी दहा एक पडतात. तुम्ही म्हणाल ते तर टाइप करतानाच दिसेल. दिसेल हो, बघितलं तर. मी बिलांकडे बघत टाइप करते, कॅल्सीकडे नाही. पण दहा एकांचा वर्ग केला की उत्तर ओरडून सांगतं, डिस्प्लेवर येतं १२३४५६७.९००९८. सातनंतर आठच नाही, एकदम नऊ आणि दोन शून्यं. मी दहा वेळा टेस्ट केली, तीनदा हे आलं. तीनही वेळचे फोटो काढून ठेवले.

हे असं का होतं ते वहीत गुणाकार मांडला की लगेच दिसतं आणि मला वाटतं प्रत्येकाने एकदा मांडावाच, पाच मिनिटं लागतात. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली, जिना होतो. एककाच्या रकान्यात एकच १. दशकाच्या रकान्यात दोन. मग तीन. असं करत नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक येतात, बेरीज ९. मग उजवीकडून एकेक ओळ संपत जाते आणि बेरीज उतरते, ८, ७, ६. सतरा रकाने. आणि गंमत ही की ९ पर्यंत हातचा येत नाही म्हणून चित्र स्वच्छ राहतं. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात बेरीज १०, शून्य लिहा हातचा एक, शेजारी ९ होते ते १० झाले, परत शून्य आणि हातचा एक, पुढे ८ होता तो ९ झाला आणि तिथे हातचा संपला. म्हणून १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर कोसळलं. त्यामुळे नऊ एकांचा आकडा हा या घराण्यातला शेवटचा देखणा, त्याच्यापुढे सगळे हातच्यात अडकलेले.

शिकवणीतल्या एका मुलीने विचारलं, ताई, मग या कॅल्सीवर पूर्ण सतरा अंक काढताच येणार नाहीत का. चांगला प्रश्न. येतात, पण तुकडे करून. १११११११११ मधले पहिले सहा आणि शेवटचे तीन वेगळे करा, असं म्हणत म्हणत फळ्यावर मीच गोंधळले, नीट लिहिते: १११,१११,००० अधिक १११. आता वर्गाचे तीन तुकडे. १११,१११ चा वर्ग कॅल्सीत मावतो, १२३४५६५४३२१, अकरा अंक. मग दोन गुणिले १११,१११ गुणिले १११ म्हणजे २४६६६६४२. मग १११ चा वर्ग १२३२१. पहिल्याला सहा शून्यं, दुसऱ्याला तीन शून्यं, तिसरा तसाच, आणि एकाखाली एक मांडून कागदावर बेरीज. बरोब्बर १२३४५६७८९८७६५४३२१. वर्गविस्ताराचं सूत्र नववीत घोकतात, ते कशाला लागतं तर याला लागतं, असं मी म्हटलं आणि ती म्हणाली मोबाइलवर येतं की ताई.

येतं का? बघितलं आम्ही. हा रिव्ह्यूच आहे तर तुलना पण होऊन जाऊ दे. मुलांचा सायंटिफिक कॅल्सी १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात दाखवतो, म्हणजे शेवटचा अंक गोल करून मोकळा, उतरण दिसतच नाही. मोबाइल प्रत्येकाचा वेगळा. एकावर पूर्ण आलं, एकावर नुसतं सुरुवातीचे सात-आठ अंक आणि पुढे १६. स्प्रेडशीटमध्ये टाकलं तर १२३४५६७८९८७६५४३०० येतं, कारण ती पंधरा अंकच धरते, पुढे सरळ शून्यं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे बरं का, सोळा अंकी खातेनंबर स्प्रेडशीटमध्ये आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो आणि कोणाला कळत पण नाही, आधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्यायचा. मेंटेनन्सच्या यादीत मी हे भोगलंय.

आणि सगळ्यात मजा भाच्याने केली, तो कॉम्प्युटरवाला आहे, त्याने ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टमध्ये गुणाकार केला तर आलं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी १ च्या जागी ०! म्हटलं हे काय, विषम गुणिले विषम सम कसं येईल, तिसरीतलं पोर सांगेल. तो म्हणाला मावशी, त्यात आकडा साठवायला ५३ बिट असतात, दोनचा त्रेपन्नावा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, त्याच्यापुढे गेलं की एक सोडून एक आकडाच साठवता येतो, फक्त सम, मग ३२१ ला जागाच नाही, तो ३२० वर बसतो. म्हणजे चारशे साठ रुपयांचा कॅल्सी निदान ई दाखवून सांगतो की बाई मला झेपत नाहीये, आणि तो हजारोंचा लॅपटॉप गुपचूप चुकीचं उत्तर देऊन गप्प बसतो.

आता या आकड्याच्या आतलं. हे सगळं या कॅल्सीवर होतं, कारण वर्ग मावत नसला तरी मूळ नऊ एक आरामात मावतात. १११११११११ ला ३७ ने भागा, ३००३००३. मूळ अवयव पाडले तर ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७, बस. ३३३६६७ मूळ संख्याच आहे, त्याला तीनने गुणा, १००१००१ येतं, बघायलाच छान वाटतं. म्हणजे आपल्या सतरा अंकी आकड्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून विभाजक मोजा, पाच गुणिले तीन गुणिले तीन, ४५. वर्ग आहे म्हणून विभाजकांची संख्या विषम, ते ठीक, पण ४५ बघून मला हसू आलं कारण ४५ ही कापरेकर संख्या, ४५ चा वर्ग २०२५, २० अधिक २५ परत ४५. २०२५ साली हे सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरत होतं, बहुतेक मेसेजमध्ये कापरेकरांचं नाव नव्हतं.

मग म्हटलं हाच वर्गाचे दोन तुकडे करून बेरजेचा प्रकार आपल्या आकड्यावर करून बघू. उजवीकडून नऊ अंक तोडले. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१. बेरीज करा. मी कॅल्सीवर केली आणि परत केली. ९९९९९९९९९. नऊ नव्वे! १ अधिक ८, २ अधिक ७ असं एकाखाली एक बसत जातं, आणि सगळ्यात डावीकडचा ९ एकटाच राहतो. कारण पण आहे, हा आकडा म्हणजे ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९, आणि नव्व्यांच्या पटीचे असे तुकडे पाडले की बेरीज परत नव्व्यांच्याच पटीत येते.

आणि ते १२३४५६७९ बघितलंत? त्यात ८ नाही. टायपो नाहीये. १११११११११ ला ९ ने भागलं की हेच येतं, आणि आठ कुठे गळतो ते मांडणीचा भागाकार केला तर पकडता येतं. ११ ला नवाने एक, बाकी २. पुढचा एक खाली घेतला, २१, भाग २, बाकी ३. ३१, भाग ३, बाकी ४. असं बाकी एकेकाने वाढत जाते, ७१ ला भाग ७, बाकी ८. आता ८१. आणि ८१ म्हणजे नऊ नवे एक्याऐंशी, पूर्ण भाग जातो, भाग ८ नाही तर थेट ९, बाकी शून्य. आठ ओलांडला गेला. इतकं साधं आहे. मी इतकी वर्षं मुलांना ही जादू म्हणून दाखवत होते (१२३४५६७९ ला ६३ ने गुणा, सात सात सात येतं) आणि स्वतः कधी भागाकार मांडून बघितला नव्हता, हे कबूल करते. ७२ ने गुणलं की ८८८८८८८८८, डिस्प्लेच्या नऊ घरांतल्या सगळ्या काड्या पेटतात, ती पण टेस्ट करून घ्या.

आता मोठ्या आकड्याच्या अंकांची बेरीज. एक ते नऊ चढताना ४५, आठ ते एक उतरताना ३६, मिळून ८१. परत ८१. आणि आकड्याला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद नाव दिलंय, हर्ष देणारी. भागून उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, आणि ते काय आहे तर १२३४५६७९ चा वर्ग, साहजिकच. पण सगळे डेमलो असे नसतात हां. १२१ ला ४ ने जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो, उत्तर १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. १२३४३२१ ला १६ ने शक्यच नाही, विषम आहे. मी एका रविवारी नऊच्या नऊ बघितले, पहिला, तिसरा आणि नववा एवढेच तीन हर्षद. कोणी विचारलं नव्हतं.

बरं, अजून एक टेस्ट जी कुठल्याही कॅल्सीवर करा. १ भागिले ८१. डिस्प्लेवर येतं ०.०१२३४५६७९०१, परत आठ गायब. आता काही न पुसता गुणिले ८१. माझ्याकडे आलं ०.९९९९९९९९९८१. एक यायला हवं होतं. म्हणजे हा कॅल्सी डिस्प्लेवर दिसतं तेवढंच लक्षात ठेवतो, मागे दोन-तीन अंक राखून ठेवत नाही. सोसायटीच्या हिशेबाला शष्प फरक पडत नाही. पण ज्यांना व्याजाचे लांबलचक भागाकार-गुणाकार करायचे असतात त्यांनी गुणाकार आधी करा भागाकार नंतर, सवयच लावून घ्या.

तर आता दुकानाचं. फोटो घेऊन गेले. वॉरंटी कार्डावर शिक्का मारायला तो विसरला होता (मी पण बघितलं नाही, तुम्ही बघा) त्यामुळे आधी जरा कुरबुर, कंपनीकडे पाठवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं भाऊ, तुमच्यासमोर करून दाखवते. काउंटरवर ठेवला, नऊ वेळा १, गुणिले, बरोबर. नेमकं चांगलं उत्तर आलं. तरी तो म्हणतो, "ताई, ई आला बघा, खराबच आहे, घ्या बदलून."

मी क्षणभर गप्प बसले. प्रामाणिकपणाचा प्रश्न आला ना. ई तर यायलाच हवा होता! शेवटी सांगितलं त्याला की हा ई बरोबर आहे, चूक वेगळी आहे, थांबा. परत केलं. परत बरोबर. तिसऱ्यांदा केलं, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, एक आजोबा रिफिल घ्यायला आलेले ते पण वाकून बघायला लागले. चौथ्यांदा १२३४५६७.९००९८. म्हटलं हे बघा, आठ गेला. त्याला आठ जाण्याचं काही कळलं नाही पण दोनदा उत्तर वेगळं आलं एवढं पटलं, आणि त्याने नवा डबा उघडला. आजोबा मात्र म्हणाले, अहो ही तर कापरेकरांची संख्या, आम्हाला शाळेत दाखवायला आले होते. एवढंच बोलून रिफिल घेऊन गेले. माझं त्यांच्याशी बोलायचं राहिलं, कुठली शाळा ते तरी विचारायला हवं होतं.

दुसरा पीस तिथेच वीस वेळा टेस्ट केला. वीसही वेळा १२३४५.६७८९८७६. शिक्का मारून घेतला, तारखेसकट.

आता दोन महिने झाले, हिशेब जुळतोय. खालचा एक रबरी पाय निघालाय, त्यामुळे ७ आणि ९ दाबताना टेबलावर टकटक वाजतो, चिकटवायचाय. सोलर पट्टी रात्री ट्यूबलाइटवर चालते. किंमत मला ठीक वाटली, दुसऱ्या दुकानात तोच ४२० ला दिसला पण तो बिल देत नाही म्हणाला. जीटी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, यात एसी दाबलं तरी जीटी पुसला जात नाही, ते वेगळं दोनदा दाबून पुसायला लागतं, नाहीतर कालची बेरीज आजच्यात मिसळते.

स्टार साडेतीन. एक पहिल्या पीसच्या बटणाचा कापला, अर्धा स्वल्पविरामाचा. रबरी पायाचा कापत नाही.